डॉ. कोटणिसांचें ऋण कसें फेडावयाचें?

सोलापुरांत १० ऑक्टोबर १९१० रोजीं जन्मलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचें नांव न ऐकलेला सुशिक्षित मनुष्य बार्शींत क्वचितच आढळेल. व्ही. शांताराम यांनीं १९४६ सालीं त्यांच्या चरित्रावर बोलपट काढला. सोलापुरांत त्यांचें स्मारकही आहे. परंतु नांव ठाऊक असणें निराळें आणि त्यापासून बोध घेणें निराळें.

जपाननें चीनवर आक्रमण केल्यावर १९३८ सालीं राष्ट्रसभेनें पांच डॉक्टरांचें पथक तिकडे पाठविलें, त्यांत कोटणीस होते. पुढें आठव्या मार्गसेनेबरोबर राहून त्यांनीं रणभूमीच्या निकट जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, चिनी भाषा आत्मसात केली आणि १९४१ सालीं ते बेथ्यून रुग्णालयाचे संचालक झाले. ज्यांचें नांव त्या रुग्णालयास दिलें, ते कॅनडाचे शस्त्रवैद्य नॉर्मन बेथ्यून शस्त्रक्रिया करितांना बोटास झालेल्या जखमेचें विष रक्तांत भिनून १९३९ सालीं वारले होते. स्वतः कोटणिसांस अपस्माराचे झटके येत; तरी त्यांनीं काम सोडिलें नाहीं. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या ३२ व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. त्यांचा मुलगा तेव्हां अवघा कांहीं महिन्यांचा होता.

हा त्याग वंद्य खराच. पण दुसऱ्याच्या त्यागाची स्तुति करण्यास एक कवडीही खर्च होत नाहीं, हें आम्हीं स्पष्ट सांगितलें पाहिजे. खेड्यांत डॉक्टर टिकत नाहींत, अशी तक्रार पेठेंत नित्य ऐकूं येते. मग त्यांनीं टिकावें म्हणून आपण काय केलें? राहण्यास धड घर नाहीं, मदतीस परिचारिका नाहीं, रजेवर गेल्यास बदली मनुष्य नाहीं. आणि रोगी दगावला कीं नातेवाईक हात उगारतात! डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० सालीं राज्यास स्वतंत्र कायदा करावा लागला, ही गोष्ट समाजास भूषणावह आहे काय? युद्धांत प्राणार्पण अटळ असेल. शांततेच्या काळीं तें मागणें म्हणजे आपल्या आळसाची किंमत दुसऱ्याकडून वसूल करणें होय.

बार्शीस हें काम अशक्य नाहीं. देशांतील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ सालीं याच गांवीं सुरू झाली. खेडोपाडीं जाऊन, लोकांचा विश्वास संपादून, रोग्यांची नोंद ठेवण्याचें तें चिकाटीचें काम येथें होऊं शकलें, तर एखाद्या आरोग्यकेंद्रास आधार देणें कां होऊं नये?

म्हणून आमची व्यापारी बंधूंस विनंती आहे कीं, ९ डिसेंबरास हारतुऱ्यांवर होणारा खर्च त्यांनीं तालुक्यांतील एका आरोग्यकेंद्राकडे वळवावा. डॉक्टरांचें निवासस्थान दुरुस्त करावें, पाण्याची व विजेची सोय करावी, परिचारिकेच्या वेतनास हातभार लावावा, आणि जमाखर्च दरवर्षीं चारचौघांत वाचून दाखवावा. कोटणिसांचें ऋण शब्दांनीं फिटणारें नाहीं. तें असल्याच हिशेबानें फेडावें लागेल.