भोंगा वाजला, मोबाईल बंद झाला. पण त्यानं मुलांचे डोळे वाचतील का?

ऑगस्ट २०२२. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं एक निर्णय घेतला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजणार आणि दीड तास घराघरांतले मोबाईल, टीव्ही बंद राहणार. कोरोनात ऑनलाइन शाळेच्या निमित्तानं मुलांच्या हाती आलेला मोबाईल शाळा सुरू झाल्यावरही सुटत नव्हता, हे त्यामागचं कारण.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नांदेडला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात बांशी गावानं १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदी करायचा ठराव ग्रामसभेत घेतला. आणि डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाची खाती ठेवता येत नाहीत.

प्रत्येक ठिकाणची कारणं वेगळी आहेत. पण उमरी असो की उदगीर, घरात हा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मोबाईल बघून बघून डोळे जातील." हे कितपत खरं आहे?

डोळे थकणं वेगळं, नंबर लागणं वेगळं

आपण एरवी मिनिटाला साधारण १५ वेळा पापणी मिटतो. स्क्रीनकडे बघताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं. पापणी मिटली नाही की डोळ्यावरचा ओलावा सुकतो. मग चुरचुर, लाली, डोकं जड होणं सुरू होतं. त्यात उन्हाळ्यात कूलरचा वारा थेट तोंडावर असेल तर त्रास आणखी वाढतो. पण हा थकवा आहे. विश्रांती मिळाली की तो बहुतेक वेळा जातो, त्यानं नजर कायमची अधू होत नाही.

यावर उपाय म्हणून 'ब्लू लाईट'वाले चष्मे विकले जातात. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं अशा चष्म्यांवरच्या १७ चाचण्या एकत्र तपासल्या. साध्या काचेच्या तुलनेत या चष्म्यांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो, असं त्यात दिसलं नाही. म्हणजे त्यासाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही.

आणि चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसायला लागलं, तर त्याचं खापरही मोबाईलवर फोडू नका. मोबाईल नव्हता तेव्हाही चाळिशी लागतच होती.

मग मुलांना मायनसचा नंबर का लागतो?

खरी काळजी इथं आहे. मायनसच्या नंबरात बुबुळामागचा डोळ्याचा गोळा गरजेपेक्षा लांब वाढतो. फळ्यावरचं दिसत नाही, पुस्तकातलं दिसतं. एकदा लांबलेला गोळा पुन्हा आखूड होत नाही. नंबर फार वाढला तर पुढे पडदा सरकणं, काचबिंदू यांचा धोकाही वाढतो.

यात आईवडिलांकडून आलेला वारसा असतो. पण दोन सवयीही महत्त्वाच्या ठरतात. तासन्‌तास जवळचं बघणं आणि उजेडात कमी असणं. घरातला उजेड साधारण काहीशे लक्स असतो, तर दिवसा बाहेर तो दहा हजार लक्सच्या वर जातो. भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन तयार होतं आणि ते गोळ्याची वाढ आटोक्यात ठेवतं, असं संशोधक मानतात.

चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर याची चाचणी झाली. काही शाळांत रोज ४० मिनिटांचा जादा तास मैदानावर घेतला. तीन वर्षांनी या शाळांत ३०.४ टक्के मुलांना मायनसचा नंबर लागला होता, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के.

भोंगा सातला की पाचला?

आता भोंग्याकडे परत येऊ. संध्याकाळी सातला मोबाईल ठेवून मुलानं पुस्तक उघडलं, तर अभ्यास होईल, झोप सुधारेल, घरात बोलणं होईल. पण डोळ्यांच्या दृष्टीनं पुस्तकही जवळचंच. मोबाईल जास्त जवळ धरला जातो आणि तासन्‌तास सुटत नाही, हा त्याचा जादा दोष. मात्र खरं नुकसान तो दिवसाउजेडीचं खेळणं खातो, तिथं आहे. डोळ्यांसाठीच भोंगा वाजवायचा, तर तो पाच वाजता, मैदानावर बोलावण्यासाठी वाजवायला हवा.

"मराठवाड्याच्या उन्हात पोरांना बाहेर कसं सोडायचं?" हा प्रश्न रास्त आहे. पण भर दुपारची गरजच नाही. सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी ऊन कलल्यावर सोडा. झाडाच्या सावलीतला उजेडही घरातल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. मात्र सूर्याकडे थेट बघायचं नाही.

अडचण दुसरीच आहे. नांदेड-लातूरच्या क्लासेसची तयारी आता आठवी-नववीपासून सुरू होते. शाळा, शिकवणी, मोबाईलवरची टेस्ट यात दिवसाचा उजेड संपून जातो. नंबर वाढण्याचं वयही नेमकं हेच, शाळेचं.

पालकांनी काय करायचं?

- रोज दीड-दोन तास मूल उजेडात बाहेर असू द्या, सलग नसले तरी चालतील.
- दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फुटांपलीकडचं बघायची सवय लावा. हा नियम पुस्तकालाही लागू.
- मोबाईल हातभर लांब धरा. व्हिडिओ टीव्हीवर बघता येत असेल तर तिथं बघा.
- दोन वर्षांखालच्या बाळाला स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना तासापेक्षा जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.
- मूल डोळे बारीक करून फळा बघत असेल, तर तपासणी लांबवू नका. अचानक दिसेनासं झालं किंवा डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तपासणीसाठी उमरीहून नांदेड गाठायचं तर दिवस मोडतो, मजुरी बुडते. म्हणून हे लक्षात ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येणं अपेक्षित आहे, त्यात नजरही तपासतात. अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात गरजू शाळकरी मुलांना मोफत चष्म्याची तरतूद आहे. आपल्या शाळेत पथक कधी येणार, हे मुख्याध्यापकांना विचारा.

आणि चष्मा मिळाला तर तो वापरू द्या. चष्मा लावल्यानं नंबर वाढतो, हा गैरसमज आहे. "लग्न जमायला अडचण येईल" म्हणून मुलीचा चष्मा कपाटात ठेवला, तर तिला फळा दिसत नाही, ती मागे पडते आणि घरचे म्हणतात, पोरीचं अभ्यासात लक्ष नाही.