खनिज सरल्यानंतर काय?

शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणेस निघालेली जोडपी टॉरस सामुद्रधुनी ओलांडली की पुष्कळदा उत्तर ऑस्ट्रेलियातील गोव्ह या आडबाजूच्या बंदरात नांगर टाकतात. शिधापाणी भरावे, शीड दुरुस्त करावे आणि वारा अनुकूल होताच डार्विनकडे निघावे, एवढाच त्यांचा या बंदराशी संबंध. परंतु तेथे त्यांना जे दिसते, ते चंद्रपूर-गडचिरोलीच्या जनतेनेही पाहून ठेवावे असे आहे. बंदरालगतचा अॅल्युमिनाचा प्रचंड कारखाना २०१४ पासून बंद आहे. हजारावर नोकऱ्या गेल्या आणि खाणीसाठी वसविलेल्या न्हुलनबाय गावातील कुटुंबे पांगली. बॉक्साइटची खाण चालू असली, तरी तिचेही दिवस मोजके उरले आहेत.

प्रवाशाला नांगर उचलता येतो, कंपनीलाही उचलता येतो; भूमिपुत्राला तो उचलता येत नाही. तेथील योल्ङू आदिवासींनी १९६३ मध्ये झाडाच्या सालीवर आपली तक्रार लिहून संसदेकडे धाडली. १९७१ मध्ये न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. २०२५ च्या मार्चमध्ये मात्र ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने भरपाईबाबत सरकारचे अपील फेटाळले. न्यायाचे दार किलकिले होण्यास साठ वर्षे लागली. दरम्यान त्यांच्यातील एका कुळाने २०१७ मध्ये स्वतःच्या मालकीची छोटी खाण सुरू केली, हे विशेष.

मूलच्या परिसरात समुद्र नाही; पण प्रश्न तोच आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखनिजाचा ३४८ हेक्टरांचा पट्टा २००७ मध्ये दिला गेला. २०१६ मध्ये तेथे नक्षलवाद्यांनी वाहने जाळली. २०२१ पासून उत्खननाने वेग घेतला आणि २०२३ मध्ये वार्षिक मर्यादा एक कोटी टनांपर्यंत नेण्यात आली. आता कोनसरीपर्यंत खनिज वाहून नेणारी सुमारे ८५ किलोमीटरची नळवाहिनी झाली आहे. तिच्यामुळे रस्त्यावरील धूळ व अपघात कमी व्हावेत, हे स्वागतार्हच. परंतु ट्रकच्या रहदारीवर जगणारे टायरवाले, गॅरेजवाले आणि चहाच्या टपऱ्या यांची मिळकत किती परावलंबी होती, हेही त्यातून कळून येईल.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने खनिज हे उत्पन्न नव्हे, ती ठेव आहे. मोह दरवर्षी फुलतो, तेंदूला दरवर्षी पाने येतात, मूल तालुक्यात दरवर्षी धान पिकते. दगडाला मात्र पुन्हा पालवी फुटत नाही. म्हणून ठेव मोडून आलेला पैसा नव्या ठेवीतच गुंतविला पाहिजे. २०१५ च्या कायद्यान्वये जुन्या पट्ट्यांच्या स्वामित्वधनाच्या तीस टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे येते. २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मोठे उत्पन्न असलेल्या जिल्ह्यांत वार्षिक जमेच्या दहा टक्क्यांपर्यंत रक्कम खाणकाम थांबल्यानंतरच्या उपजीविकेसाठी राखून ठेवण्याची तरतूद केली आहे. ही तरतूद कागदावर राहता कामा नये.

ही रक्कम किती आणि कशासाठी, हे ठरविताना ग्रामसभेचा शब्द प्रमाण मानला गेला पाहिजे. गडचिरोलीला तसा अनुभव नाही असे नाही. मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून बांबूचा कारभार स्वतः चालवून दाखविला. सिंचन, वनोपजावरील प्रक्रिया आणि तरुणांचे तंत्रशिक्षण यांवर आज खर्च झाला, तरच उद्या खाण थांबल्यावर गावे थांबणार नाहीत. उत्खननाचा आकडा दरवर्षी जाहीर होतो. खनिज सरल्यानंतरसाठी किती शिल्लक टाकली, हा आकडाही तितक्याच ठळकपणे जाहीर व्हावा. गोव्हच्या लोकांना तो हिशेब उशिरा मागावा लागला. येथे तो मागण्याची वेळ अजून गेलेली नाही.