लाल बादलीचे कोडे

गेल्या पावसाळ्यात पत्नीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी एका खासगी रुग्णालयात आठ दिवस मुक्काम पडला. रुग्णाजवळ बसणाऱ्याला वेळच वेळ असतो. छत पाहून झाले की नजर कोपऱ्याकडे वळते. तिथे पिवळी, लाल आणि निळी बादली, शेजारी सुयांचा पांढरा डबा आणि भिंतीवर तक्ता. एवढे सगळे समोर असताना दुसऱ्या दिवशी मी केळ्याचे साल पिवळ्या बादलीत टाकले. सफाईच्या मावशींनी बघितले, आत हात घातला आणि साल बाहेर काढले.

"काका, ह्याच्यात आपलं नाही टाकायचं. ह्यात रक्ताचा कापूस असतो."

"रक्ताचं तर लालमध्ये ना?"

"नाही. रक्ताचं पिवळ्यात."

"का?"

"सिस्टर सांगतात तसं."

मावशींना रंग ठाऊक होते, कारण ठाऊक नव्हते. मला दोन्ही ठाऊक नव्हते. लाल म्हणजे धोका, हे आपल्या डोक्यात सिग्नलपासून बसलेले. पण रुग्णालयातला लाल रंग वेगळेच सांगतो. सलाइनच्या नळ्या, लघवीच्या पिशव्या, हातमोजे, सुई काढलेली सिरिंज हे प्लास्टिक त्यात जाते. वाफेच्या दाबाखाली ते निर्जंतुक करायचे, तुकडे करायचे आणि मग पुनर्वापराला द्यायचे. पिवळ्यातले बहुतेक भट्टीत जाते. तिथे पीव्हीसीची नळी गेली तर धुरातून डायॉक्सिनसारखे विष निघते. उलट रक्ताळलेला कापूस लालमध्ये गेला तर तो प्लास्टिकबरोबर पुढे सरकतो. म्हणजे बादलीचा रंग धोक्याचे मोजमाप नाही, मालाची पुढची वाट आहे. एवढे एक वाक्य भिंतीवरच्या तक्त्यात कुठे नव्हते.

नियमांचे म्हणाल तर आपण कमी पडलेलो नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या पन्नास खाटांवरच्या रुग्णालयांना भट्ट्या किंवा तितकाच परिणामकारक पर्याय उभारायला सांगितले. १९९८ मध्ये देशभरासाठी नियम आले, त्यांत कचऱ्याचे दहा प्रकार. २०१६ मध्ये ते चार रंगांवर आणले. पिशवीवर बारकोड, नोकरीत रुजू होताना आणि पुढे दरवर्षी प्रशिक्षण, कचरा हाताळणाऱ्यांना कावीळ-बी आणि धनुर्वाताची लस, सगळे लिहिलेले आहे.

मी तीस वर्षे बँकेत काढली. कॅशियर नोटा घेतानाच चांगल्या वेगळ्या, फाटक्या वेगळ्या करी. शंभराच्या पाकिटावर पट्टी, पट्टीवर सही. पुढे तूट निघाली की सही बघायची. निवड पहिल्याच हातात व्हायची आणि तो हात कोणाचा ते कळायचे. रुग्णालयात निवड पहिल्या हातातच व्हायला हवी, पण पट्टीवर सही नाही. बारकोड सांगतो रुग्णालयाचे नाव. घाईत सुई कापसात गुंडाळून टाकणारा डॉक्टर की परिचारिका, हे नाही. आणि ती सुई टोचते तिसऱ्यालाच.

हा तिसरा बहुधा कंत्राटावरचा असतो. आज या मजल्यावर, दोन महिन्यांनी दुसऱ्याच रुग्णालयात. वर्षातून एकदा होणारे प्रशिक्षण त्याला गाठणार कधी? लस न घेतलेल्या माणसाला कावीळ-बीच्या रुग्णाची सुई टोचली तर दहापैकी तिघांपर्यंत लागण होऊ शकते. एचआयव्हीच्या बाबतीत हे प्रमाण हजारात तीनच्या आसपास. मावशींना गेल्या वर्षी अशी सुई टोचली होती. कोणत्या रुग्णाची, ते कळायला मार्ग नव्हता. लस? "एक घेतली, बाकीच्या राहिल्या." ती तीन वेळा घ्यावी लागते.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, रुग्णालयातला सुमारे ८५ टक्के कचरा तुमच्या-आमच्या घरातल्यासारखाच असतो. उरलेला त्यात मिसळला की शंभरच्या शंभर टक्के धोक्याचा. आणि वेगळा काढूनही तो बाजारात पोचला तर काय होते, ते २००९ मध्ये गुजरातेत मोडासा भागात दिसले. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्या गेल्या, कावीळ-बी पसरली, कित्येक माणसे गेली. प्लास्टिकचे तुकडे करायचे ते यासाठीच.

घरी परतलो तेव्हा रक्त गोठू नये म्हणून पत्नीला दहा दिवस पोटात इंजेक्शने घ्यायची होती. पहिली सुई हातात धरून मी स्वयंपाकघरात उभा राहिलो. ओल्या कचऱ्यात की सुक्या? आमच्या सोसायटीत निम्म्या घरांत इन्सुलिन चालते. त्या सुया रोज कुठे जातात, हे मी कधी विचारले नव्हते. खाली पिशव्या उघडून सुका कचरा निवडणारी बाई मात्र रोज दिसते.

जाड प्लास्टिकच्या बरणीत दहाही सुया साठवल्या आणि टाके काढायला गेलो तेव्हा बरोबर नेल्या. स्वागतकक्षाने औषधाच्या दुकानात पाठवले, दुकानाने वर वॉर्डात. तिथे मावशीच भेटल्या. जुन्या सवयीने मी बरणीवर पट्टी चिकटवली होती: नग दहा, तारीख, सही. त्यांनी ती वाचली, हसल्या आणि बरणी न उघडता सिस्टरकडे घेऊन गेल्या.