दाण्यांची पिशवी



या हिवाळ्यात आम्ही नाशिकहून नांदूर मध्यमेश्वरला जाऊन आलो. पक्षी पाहायचे तर सकाळीच पोहोचायला हवं, म्हणून अंधारातच निघालो. सासूबाईंची नवकारशी, त्यामुळे खाकरे-थेपले डब्यातच होते. शिवाय त्यांच्या हातात एक वेगळी पिशवी होती, दोन किलो ज्वारीची. "एवढ्या लांबून पाहुणे येतात, रिकाम्या हातानं कसं भेटायचं?"

चापडगावला पायवाट सुरू होते तिथेच गाईड मुलाने पिशवी पाहिली. "आजी, इथे दाणे टाकू नका हं," तो नम्रपणे म्हणाला. सासूबाईंचा चेहरा उतरला. कबुतरांना दाणे घातल्याशिवाय ज्या चहा घेत नाहीत, त्यांना जीवदया करू नका म्हणायचं? खरं सांगते, मलाही राग आला.

चालता चालता तो माहिती सांगू लागला. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात, तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला. त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी येऊ लागले. रामसर यादीत आलेली ही महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा. पक्षी येतात ते इथलंच अन्न खायला. वारकरी पाणवनस्पती खातो. थापट्या बदक रुंद चोचीने पाणी गाळून त्यातले बारीक जीव आणि बिया टिपतं.

"अगं बाई! आपण पाणी गाळतो जीव वाचवायला, आणि हा गाळतो खायला!" सासूबाई म्हणाल्या आणि आम्ही सगळेच हसलो.

पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. पक्ष्याला त्याच्या धर्माने जगू देणं ही दया, की आपल्या हातून पुण्य घडावं म्हणून त्याला आपलं धान्य देणं? पाण्यात पडलेली ज्वारी कुजते, पाणी बिघडतं. त्या पाण्यातल्या जीवांचं काय? दाणे टाकताना आपण त्यांचा विचारच करत नाही.

मला वाटतं, अशा ठिकाणी आपली जीवदया हातात नाही, पायांत आणि जिभेवर असावी. पायवाटेवर मुंग्या असतात, गोगलगायी असतात. खाली बघून चालणं म्हणजे आपली ईर्या समितीच. आणि हळू बोलणं ही भाषा समिती. ती मात्र मी मोडली. माझा फोन मोठ्यानं वाजला आणि बदकांचा अख्खा थवा उडाला. गाईड म्हणाला, "ताई, असं उगाच उडावं लागलं की परतीच्या प्रवासासाठी साठवलेली ताकद वाया जाते." माझ्या आधी सासूबाईंनीच पाण्याकडे बघून हात जोडले, "मिच्छामि दुक्कडं."

तुम्ही जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. भडक कपडे नकोत, फोन बंद ठेवा, डब्याचा कचरा घरी आणा. मुलांना पळू देऊ नका, थोडा वेळ स्वस्थ बसवा. सामायिकाला बसतो तसं बसलं की पक्षी आपणहून जवळ येतात.

ज्वारी आम्ही येताना पांजरपोळात दिली. पुढच्या वेळी पिशवीऐवजी दुर्बीण घ्यायची, असं सासूबाईंनीच जाहीर केलंय.