बिऱ्हाड हलवण्यापूर्वी

मालेगावची आमची व्यापारी मंडळी धंद्यासाठी भिवंडीला जातात. पेढीची जागा महिनाभर पाहतात. घर मात्र एका दुपारी ठरवतात, तेही दलालाच्या भरवशावर. ताका घेताना आम्ही पन्हा मोजतो, वजन पाहतो. बायकामुले ज्या छताखाली झोपणार, त्याचा कागद विचारत नाही. हा कुठला व्यवहार?

२१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधली इमारत कोसळली. तीसहून अधिक माणसे गेली. एप्रिल २०१३ मध्ये मुंब्र्याजवळ शीळ भागात बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच पडली, ७४ जीव गेले. मशीद जवळ, वस्ती आपली, एवढ्यावर आम्ही समाधान मानतो. वस्ती आपली हवीच. १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिलेल्या भिवंडीला ते सांगायला नको. पण त्याने खांब मजबूत होत नाही. उंट आधी बांधावा, हे बयानात ऐकतोच ना? महापालिकेचा भोगवटा दाखला मागा. इमारत जुनी असेल तर धोकादायक इमारतींच्या यादीत तिचे नाव आहे का ते पाहा. दलाल हसेल, हसू द्या.

बाकीचे घरातल्या बायकांना विचारा. नळाला पाणी किती वाजता येते, याची चौकशी आम्ही पुरुष करत नाही. यंत्रमागांच्या शेजारी रात्रभर खटखट असते. उर्दू शाळा भिवंडीत आहेत, पण मुलाच्या इयत्तेत जागा आहे का? आमच्या मते आधी दोन महिने एकट्याने राहावे, मग अकरा महिन्यांच्या करारावर घर घ्यावे आणि कुटुंब मे महिन्यात, परीक्षा आटोपल्यावर आणावे.