पदवीनंतर पुन्हा शाळेत

अभियांत्रिकीची पदवी हाती पडली की घरात नोकरीचा विषय निघतो. अशा वेळी मुलाने किंवा मुलीने ‘शाळेतील मुलांना तंत्रज्ञान कसे शिकवावे, याचा मला अभ्यास करावयाचा आहे’, असे म्हटले, तर वडीलधारी मंडळी चकित होतात. एवढे शिकून पुन्हा शाळेतच जावयाचे काय? प्रश्न रास्त आहे. म्हणून या वाटेचा थोडा परिचय करून घेऊ.

मुंबईत मानखुर्द येथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हे केंद्र १९७४ साली स्थापन झाले. विज्ञान-शिक्षणाप्रमाणेच आरेखन व तंत्रज्ञान यांच्या शालेय शिक्षणावरही तेथे पीएच.डी.साठी संशोधन झाले आहे. तेथील एका प्रकल्पात सहावीच्या मुलांना तीन कामे दिली होती : पुस्तके नेण्यासाठी पिशवी, वजन उचलणारी पवनचक्कीची प्रतिकृती आणि बाहुल्यांचा खेळ. शहरातील मराठी व इंग्रजी माध्यमांच्या आणि ग्रामीण मराठी शाळांतील मुलांनी ती केली. आधी आपसांत विचारविनिमय, मग चित्र, मग साहित्याची निवड, मग प्रत्यक्ष वस्तू आणि शेवटी तिच्या गुणदोषांची चर्चा, असा क्रम होता.

येथे संशोधकाचे लक्ष वस्तूच्या सुबकपणापेक्षा मुलाच्या विचाराकडे असते. कागदावरील पाते हातात आल्यावर का बदलले? मुलींनी कोणता मार्ग काढला? पाते का फिरते हे पदवीधराला ठाऊक असते. परंतु मूल कसे शिकते हे त्याला नव्याने शिकावे लागते. मानसशास्त्र, मुलांची भाषा आणि वर्गातील धीराचे निरीक्षण यांत कित्येक वर्षे जातात. त्या काळात विद्यावेतनावर भागवावे लागते. कुटुंबाने हा हिशेब आधीच मोकळेपणाने मांडलेला बरा.

हे कष्ट कशासाठी? हाताच्या कामातून शिक्षण हा विचार १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडला गेला. १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे शिकण्याची संधी सुचविली. परंतु ते शिकवावे कसे, हे शिक्षकाला कोणी दाखविले नाही, तर उत्तम धोरणही कागदावरच राहते.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तो एका मोठ्या कंपनीतील संशोधकाची नोकरी सोडून. त्यांच्या प्रयत्नातून ग्रामीण शाळांत मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय आला. शिकलेल्या माणसाने शाळेकडे वळणे ही पीछेहाट नव्हे, हे त्यावरून दिसते.

तेव्हा आपल्या घरी असा प्रश्न निघाला, तर नकार देण्यापूर्वी मुलाला किंवा मुलीला एकच विचारावे : जवळच्या शाळेत चार शनिवार मुलांबरोबर काही बनवून पाहिले आहेस काय? पाचव्या शनिवारीही जावेसे वाटले, तर घरच्यांनी पाठीशी उभे राहावे.