स्पायडरमॅनचा दुसरा खेळ : कांहीं गुण, कांहीं दोष

शाळेच्या वार्षिकांत व्हिडिओ गेमवर लेख पाहून कांहीं पालकांच्या कपाळास आठ्या पडतील, हें आम्ही जाणून आहों. परंतु ज्या खेळापायीं घरोघरीं आईबाप आणि मुलें यांच्यांत खटके उडतात, तो आंतून कसा आहे हें न पाहतांच त्यास बरा किंवा वाईट ठरविणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. नाटक न पाहतां त्यावर टीका लिहिणारास आपण हंसतों. येथेंहि तोच न्याय लावावा. म्हणून 'मार्व्हल्स स्पायडर-मॅन २' हा खेळ आम्ही प्रथमपासून अखेरपर्यंत पाहिला आणि मगच लेखणी हातीं घेतली.

इन्सोम्निॲक गेम्स या अमेरिकन मंडळीनें रचलेला हा खेळ २० ऑक्टोबर २०२३ रोजीं प्लेस्टेशन ५ या यंत्रासाठीं बाहेर पडला. जानेवारी २०२५ पासून तो संगणकावरहि खेळतां येतो. २०१८ सालच्या पहिल्या खेळाचा व २०२० सालच्या 'माइल्स मोरालेस'चा हा उत्तरभाग होय. १९६२ सालीं स्टॅन ली व स्टीव्ह डिट्को यांनीं चित्रकथेंत जन्मास घातलेला पीटर पार्कर आणि त्याचा तरुण सहकारी माइल्स, असे दोन स्पायडरमॅन येथें आहेत. खेळणारानें केव्हां याच्या तर केव्हां त्याच्या रूपानें न्यूयॉर्क शहर राखावयाचें, अशी योजना आहे.

शहर हाच या खेळाचा पहिला गुण. मागील खेळांत फक्त मॅनहॅटन बेट होतें. आतां ईस्ट रिव्हर ओलांडून क्वीन्स व ब्रुकलिन हे भागहि हिंडावयास मोकळे आहेत. स्पायडरमॅनचें जाळें खऱ्या इमारतींस चिकटतें, हवेंत नव्हे. मग रुंद नदीच्या मध्यावर तें चिकटवावें तरी कोठें? ही अडचण रचनाकारांनीं मोठ्या चातुर्यानें सोडविली आहे. दोन्ही वीरांच्या काखेंत पातळ पंख दिले आहेत. उंचावरून उडी टाकावी, पंख पसरावे आणि वाऱ्याच्या झोतावर तरंगत पैलतीर गांठावा. सायंकाळच्या उन्हांत हा प्रवास करतांना आपण कोणतें काम करावयास निघालों होतों याचा आम्हांस दोनदां विसर पडला, हें प्रांजलपणें कबूल करतों.

कथेचा आरंभ तर आमच्या विद्यार्थ्यांस विशेष रुचेल. पीटर हा माइल्सच्या शाळेंत विज्ञानाचा शिक्षक म्हणून लागतो, आणि पहिल्याच दिवशीं वाळूचा राक्षस शहरावर चालून आल्यामुळें वर्ग सोडून पळतो. परिणामीं नोकरी जाते. दिवंगत मे काकूंच्या घरावरील कर्जाचे हप्ते मात्र चालूच. इकडे माइल्सला कॉलेजप्रवेशासाठीं एक निबंध लिहावयाचा आहे, आणि शहर वांचविणाऱ्या या मुलाला तो कांहीं केल्या सुचत नाहीं. परीक्षेच्या आदल्या रात्रीं कोऱ्या कागदाकडे पाहत बसलेल्या कोणासहि हें दुःख समजावून सांगण्याची गरज नाहीं.

(ज्यांनीं हा खेळ अद्याप पाहिला नसेल व ज्यांस कथेचें रहस्य राखावयाचें असेल, त्यांनीं पुढील दोन परिच्छेद खुशाल ओलांडावे.)

क्रेव्हन नामक शिकारी आपल्या तोडीचा प्रतिस्पर्धी शोधीत न्यूयॉर्कला येतो. त्याच्या हातून पीटर मरणोन्मुख होतो, तेव्हां त्याचा मित्र हॅरी ऑस्बर्न याच्या अंगावरील काळा सजीव पोषाख पीटरला येऊन बिलगतो व त्यास वांचवितो. त्या पोषाखाबरोबर अपार बळ येतें आणि उद्दामपणाहि येतो. पीटर आपल्या मित्रांस तोडून बोलूं लागतो. एथवर कथा उत्तम. परंतु आमचा मुख्य आक्षेप येथेंच आहे. कथा सांगते कीं हें बळ घातक आहे. खेळ मात्र हातांत देतो तें निव्वळ सुख. काळ्या पोषाखांत शत्रूस जितकें निर्दयपणें झोडपावें तितका खेळणारास विजय सोपा, आणि त्याबद्दल दंड कोठेंच नाहीं. पुढें पीटर त्या पोषाखांतून सुटतो. पण थोड्याच वेळानें तेंच बळ शुभ्र रंग घेऊन त्याच्याकडे परत येतें, आणि आतां तें निर्दोष ठरतें! मोहाचा त्याग केला असें म्हणावयाचें आणि मोहाची वस्तु मात्र रंग बदलून घरांतच ठेवावयाची, असा हा प्रकार झाला. चित्रपटांत हें एक वेळ खपलें असतें, कारण तेथें आपण केवळ पाहतों. येथें ठोसे आपल्याच बोटांनीं मारलेले असतात.

याच्या उलट माइल्सचा प्रसंग. त्याच्या वडिलांच्या मृत्यूस कारण झालेला मार्टिन ली त्याच्यासमोर येतो. सूडाच्या ध्यासापायीं माइल्सच्या हातून कर्तव्यांत चूक झालेली असते. शेवटीं त्याच माणसाबरोबर संकटांत सांपडल्यावर तो सूडाचा हट्ट सोडून त्यास जाऊं देतो. यास पूर्ण क्षमा म्हणावें कीं नाहीं, याविषयीं मतभेद होईल. बायबलाच्या तासाला ज्यांनीं सत्तर गुणिले सात वेळां क्षमा करण्याचा पाठ ऐकला आहे, त्यांनीं तो वाद अवश्य घालावा. एवढें खरें, कीं सबंध खेळांत इतका वजनदार प्रसंग दुसरा नाहीं. दुर्दैव हें कीं माइल्सच्या वाट्यास मुख्य कथेचा भागच थोडा आला आहे.

उत्तरार्ध घाईचा आहे. क्रेव्हन मेल्यावर सारें शहर कृष्णवर्ण राक्षसांनीं भरतें, आणि ज्या रस्त्यांवर आम्ही तरंगत होतों तेथें एकाच छापाच्या मारामाऱ्या पुनःपुन्हां कराव्या लागतात. मेरी जेन ही धाडसी वार्ताहर. परंतु पीटरच्याहि नाकीं नऊ आणणाऱ्या शिकाऱ्यांस ती एका लहानशा विजेच्या यंत्रानें पटापट लोळविते, हें कोणास पटावें?

पालकांसाठीं दोन गोष्टी. अमेरिकेंत या खेळावर तेरा वर्षांवरील मुलांसाठीं अशी खूण आहे. तेव्हां पांचवी-सहावीच्या मुलांस तो देऊं नये. आणि आपल्याकडे तो ४,९९९ रुपये किंमतीस निघाला, तीहि यंत्राची किंमत सोडून. मुख्य कथा तर सुट्टीच्या एका आठवड्यांत संपते. हट्ट पुरविण्यापूर्वीं हा हिशेब मुलासमोर मांडावा, असें आम्हांस वाटतें.

तथापि खेळ घरांत आधींच आलेला असेल, तर एखाद्या सायंकाळीं मुलाच्या शेजारीं बसून हॉवर्डचा भाग दाखविण्यास सांगावें. हॉवर्ड हा एक बेघर म्हातारा. त्याचीं पाळलेलीं कबुतरें हीच त्याची इस्टेट. त्यांस नव्या घरीं पोंचवावें एवढीच त्याची स्पायडरमॅनला विनंती. मारामारी नाहीं, शत्रु नाहीं. केवळ पांखरांचा थवा घेऊन शहरावरून उडत जावयाचें. तीं सुखरूप पोंचतात, आणि म्हातारा बांकावर शांतपणें प्राण सोडतो. आम्ही यंत्र बंद केलें, आणि त्या रात्रीं पुन्हां सुरू केलें नाहीं.